बंगल्याच्या छताला भोक नाही

४ फेब्रुवारी

ती. वन्संना सा. न. वि. वि.

या खेपेचा साष्टांग नमस्कार अगदी खरा आहे. काल दुपारभर मी गाडीच्या छतावर पालथी पडून मापं घेत होते.

तुमच्या मोडलेल्या खुब्यात धातूची पट्टी घातल्याचं कळलं त्याच दिवशी मी निघायचं ठरवलं. तुमच्याकडे खोली एक, खाट एक, आणि त्या खाटेवर तुम्ही. तेव्हा मी आपला बंगला घेऊनच येते. तुमच्या भावाने सामान वाहायच्या जुन्या गाडीत एक बाक, एक शेगडी आणि दोन पडदे बसवून तिला बंगला म्हणायला सुरुवात केली, तेव्हा आपण दोघी किती हसलो होतो! आता तोच तुमच्या अंगणात महिनाभर उभा राहील. मी त्यात झोपेन आणि दिवसा तुमची बोलणी खाईन.

अडचण माझ्या इन्सुलिनची आहे. वाट दोन दिवसांची, आणि बंगल्यातला फ्रीज बॅटरीवर जेमतेम एक रात्र काढतो. लेकीने बजावलं आहे की छतावर सोलर पॅनेल लावून फ्रीज सलग चालवून दाखव, नाहीतर गाडी विकून टाक. घ्यायला माणूस तयार आहे म्हणे. तिचंही चूक नाही.

गॅरेजवाला म्हणाला, आठ भोकं, आठ स्क्रू, तासाभराचं काम. मी नाही म्हटलं. छताला भोक पाडायचं नाही, हा ह्यांचा एकच हुकूम होता. ते गेल्यावर तो मोडायचा कसा? मग त्याने गाडीच्या काचा बसवायचा काळा गम दाखवला. पॅनेलचे प्लास्टिकचे पाय त्याने चिकटवता येतात. सोबतचा कागद मी चार वेळा वाचला, दोन शब्द कोशात पाहिले. आधी एकच पाय चिकटवून आठवडाभराने ओढून पाहणार आहे. वायर आत कशी घ्यायची, ते अजून सुचलेलं नाही.

लोभ आहेच, तो या गमापेक्षा घट्ट राहो.

तुमची भावजय

९ फेब्रुवारी

प्रिय वहिनीस अ. उ. आ.

साठी उलटलेल्या बाईने छतावर पालथं पडावं आणि ते अभिमानाने कळवावं, हे फक्त तुलाच जमतं. माझं हाड सपाट जमिनीवर मोडलं. तू घसरलीस तर आपल्याला एकच खाट आहे.

छताबद्दल मी काही बोलायला नको. नऊ वर्षांपूर्वी तुती काढायला मी सँडल घालून त्या छतावर उभी राहिले, आठवड्यात ते गळायला लागलं, आणि दादाने सगळ्या नातेवाइकांत माझ्या टाचांची कीर्ती पसरवली. तो थट्टेत म्हणायचा, पण मला लागायचं. तेव्हापासून मी बंगल्यात पाऊल टाकलं नाही. शेवटचा आला होता तेव्हा त्याने आत ये म्हणून दोनदा हाक मारली. मी दारातूनच बोलले आणि मागे फिरले. ते तुला ठाऊक नसेल.

गाडी विकलीस तरी चालेल, पण तू ये. उत्तर पाठव, आणि ते जमिनीवर बसून लिही.

तुझी वन्सं

१७ फेब्रुवारी

ती. वन्संना सा. न. वि. वि.

पाय निघाला. गॅरेजवाल्याने पट्टा बांधून हिसका दिला आणि तो बशीएवढा पांढरा पोपडा घेऊन हातात आला. गमाने रंग सोडला नाही, रंगाने पत्रा सोडला. गॅरेजवाला म्हणतो, वरचा सगळा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर चिकटवा, नाहीतर हमरस्त्यावर पॅनेल उडून कुणाच्या तरी काचेवर बसेल.

तो रंग ह्यांनी आजारी पडायच्या आधीच्या उन्हाळ्यात हाताने दिलेला. ब्रशचे केस अजून त्यात अडकलेले दिसतात. त्यांच्या हातचं ते शेवटचं काम. मी खरवडणी घेऊन तीन दिवस वर जाते आणि तशीच खाली येते. गाडी घेणारा १ मार्चच्या रविवारी येतो आहे. त्याला हो म्हणावं असं वाटायला लागलं आहे.

मला रागवा, म्हणजे काहीतरी सुचेल.

तुमची भावजय

२१ फेब्रुवारी

प्रिय वहिनीस आशीर्वाद.

रागावते. दादाने लहानपणापासून जे जे रंगवलं त्याचे पोपडे निघाले. आईचा पाट, माझी सायकल, शाळेतला फळा. सबंध छत नको, आठ पायांपुरत्या आठ चौकटी खरवड. मधला रंग राहू दे, तो तुझा. रविवारच्या पाहुण्याला परत पाठव.

वाट पाहते आहे, हे लिहायला मला संकोच नाही.

तुझी वन्सं

६ मार्च

ती. वन्संना सा. न. वि. वि.

सांगू की नको, यात दहा दिवस गेले. शेवटी ठरवलं, तुमचं तुम्हाला मिळायला हवं.

सहावी चौकट खरवडताना पांढऱ्याखाली खाचा बुजवतात ती राखाडी लांबी लागली. टोकरली तर अंगठा जाईल एवढं गोल भोक! यंत्राने पाडलेलं, स्वच्छ. मी बाकाखालची खोकी उपसली. एकात हवा खेचायचा छताचा पंखा निघाला, कधीच न बसवलेला. खोक्यावर ह्यांच्या अक्षरात तारीख होती, त्यांना सगळ्यावर तारीख घालायची सवय. तुम्ही तुती काढलीत त्याच्या आदल्याच आठवड्याची. पहिलं भोक पाडून धीर सुटला असणार, लांबी भरली, आणि ती गळली. तुमच्या टाचा निर्दोष आहेत, वन्सं. छताला भोक नाही हा हुकूम कुठून आला, तेही कळलं.

मी पुन्हा वर जाऊन बसले. राग येईल वाटलं होतं. पण दोन वर्षं मी एका फार शहाण्या माणसाचा हुकूम सांभाळत होते, तो आपल्यासारखाच घाबरट निघाला, याने बरंच वाटलं.

मग गॅरेजवाल्याला विचारलं, आता आणखी आठ पाडू का? तोच म्हणाला, हे एक काय कमी आहे? वायर आत घ्यायला ते आयतंच होतं. त्यावर झाकण बसवून चारी बाजूंनी गम भरला. मी नवं भोक पाडलेलं नाही. जागा जरा सरकवून आठही पाय उघड्या पत्र्यावर बसवले. गमाचा थर दबून पातळ होऊ नये म्हणून खाली काहीतरी ठेवावं लागतं. ह्यांच्या दोन सदऱ्यांची बटणं काढली, पायाला दोन. सदरे कपाटात नुसते लटकत होते.

आठ दिवस सुकू दिलं. काल गॅरेजवाला पट्ट्याला लोंबकळला, एकही पाय हलला नाही. फ्रीज पाच दिवस सलग चालू आहे. लेकीने हो म्हटलं. शुक्रवारी निघते.

भेटीतच लोभ वाढवू.

तुमची भावजय

१५ मार्च

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

तुझी आई काल दुपारी सुखरूप पोचली. पॅनेल जागच्या जागी, इंजेक्शनं गार. पहिल्या दिवशी दर तासाला थांबून शिडी लावून आठही पाय चाचपत आली. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तपासायचं विसरलेच, म्हणाली, आणि हे सांगताना तिचा चेहरा मला आवडला.

तुझ्या बापावर मी चार दिवस मनसोक्त रागावले. गेलेल्या माणसावर रागावता येत नाही असं मला उगाच वाटत होतं. मग हसू आलं, मग जे यायचं ते आलं.

आज सकाळी आम्ही त्या भोकाची परीक्षा घेतली. मी अंगणात खुर्चीवर बसून छतावर नळीने पाणी मारलं, ती आत वर बघत बसली. गळलं तर एकदा ठोकायचं, कोरडं असेल तर दोनदा, असं ठरलं होतं. पंधरा मिनिटांनी आतून दोनदा ठोकलं. नंतर तिने दार उघडून मला आत ये म्हटलं, आणि कुबडी टेकत मी गेले. त्याच्या बाकावर बसून चहा घेतला. बाक अजून करकरतो.

तू काळजी करू नकोस. डॉक्टर म्हणतात, महिनाभरात मला शिडी चढता येईल. मग त्या छतावर मी एकदा उभी राहणार आहे. सँडल घालूनच.

तुझी आत्या