ओवाळणीतल्या गाडीची चेसीस

नळदुर्ग,
सोमवार, दुपार

चि. रेवणसिद्ध तम्मा यास,

थोरल्या बहिणीचे, नीलम्माक्काचे आशीर्वाद. (मनापासून नाहीत, रीत म्हणून लिहिलेत.) आम्ही सगळे सुखरूप आहोत आणि त्यात तुझा काडीचा हात नाही. तुझी तब्येत ठणठणीत असू दे, कारण मला भांडायचं आहे आणि आजारी माणसाशी भांडता येत नाही. चार दिवस फोन करतेय, उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही. म्हणून हे पत्र रजिस्टरनं पाठवतेय. सही केल्याशिवाय पोस्टमन तुझ्या दारातून हलणार नाही.

गेल्या भाऊबीजेला तू कोकणातून तुझी ती पांढरी एसयूव्ही घेऊन आलास, ओवाळणीच्या ताटात किल्ली टाकलीस आणि मी रडले. (ते रडणं आज परत घेते.) अकरा वर्षं वापरलेली, पण दिसायला चकाचक. खाली वाकून बघितलं तर तिथंही काळाकुळकुळीत रंग. तुझे दाजी गल्लीभर सांगत फिरले, "मेव्हणा असावा तर असा!" मागून कुईकुई आवाज यायचा, तर म्हणायचे, "समुद्राकाठची गाडी हाय, तिला हितली हवा मानवंना." दाजींचा स्वभाव तुला माहीत आहे. आमच्या खताच्या दुकानात गिऱ्हाईक भांडायला आलं तर त्याला आधी चहा पाजतात. त्यांना राग येत नाही, म्हणून त्यांच्या वाटणीचाही मलाच करावा लागतो.

तर गेल्या गुरुवारी तुझ्या भाचीचा, आपल्या शिवरंजनीचा साखरपुडा होता, बेंबळीला, मुलाच्या दारात. (तुला ड्यूटी होती. तुला नेहमीच ड्यूटी असते.) गाडीत आम्ही तिघं आणि पेढ्यांचे बॉक्स. मुलाकडची माणसं मांडवात उभी, हलगी जोरात. गाडी मांडवासमोर येऊन थांबली आणि खालून असा कडाका झाला की हलगीवाल्याचे हात थांबले. मागचं एक चाक वर घुसलं, बूड जमिनीला टेकलं आणि नाक आभाळाकडं करून गाडी खाली बसली. म्हैस बसते तशी, कुणाला न विचारता. मागच्या सीटवर शिवरंजनी शालूत आडवी, अंगावर पेढे. दार उघडेना. शेवटी नवऱ्या मुलानं तिला खिडकीतून ओढून बाहेर काढलं. साखरपुड्याच्या आधी, सगळ्या गावासमोर!

मांडवात कुणीतरी हळूच म्हणालं, "अपशकुन झाला." सोयरिकी याहून बारक्या गोष्टींवरून मोडतात. पण मुलाची आजी सिद्धम्मा, ऐंशीची म्हातारी, काठी टेकत पुढं आली आणि त्या माणसावर वसकली, "कशाचा अपशकुन रं? पोरगी बूड टेकूनच आली. आता कुठं जातीया?" मांडव हसला, हलगी सुरू झाली, साखरपुडा झाला. मी तासभर हसरं तोंड करून बसले होते आणि आतल्या आत तुला शिव्या देत होते.

गाडी क्रेनला लटकून नळदुर्गला आली. शंभुलिंग मेकॅनिकनं जॅक लावला, तर गाडी वर यायची सोडून जॅकच चेसीसमध्ये घुसला. (चेसीस म्हणजे गाडीचा कणा. तुला कणा म्हणजे काय हे सांगावंच लागेल.) पेचकस टोचला, आरपार. हातोडी मारली तर गंजाचे पापुद्रे पडले, अर्धा डबा वाळू पडली आणि वाळूत एक शिंपला. मागच्या चाकाच्या स्प्रिंगचा पाटा जिथं धरलेला असतो, तिथं लोखंडच शिल्लक नव्हतं. शंभुलिंग म्हणाला, "वैनी, चेसीस कवाच गेली. नुसता रंग उभा हाय." मित्रांच्या होड्या खाऱ्या पाण्यातनं ओढायला हीच गाडी लावायचास ना? ते फोटो तूच पाठवलेस आणि मी मूर्खासारखं कौतुक केलं.

पण खरी आग पुढं लागली. शंभुलिंगनं काळा रंग खरवडला. खाली भोकावर खोबरेल तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून बसवलेला. त्यावरचं नारळाचं चित्रसुद्धा अजून ताजं. गंज समुद्राचा असेल, तम्मा. नारळ तुझा आहे. तुला माहीत होतं.

ओवाळणीत साडी घालायचीस. साडी फाटली तर माणूस मरत नाही. त्या सकाळी हायवेला आमच्या पुढं कडब्याचा टेम्पो होता आणि मागं हैदराबादचा ट्रक. तिथं बसली असती तर? तुझी भाची मागच्या सीटवर होती. हे वाक्य दोनदा वाच.

आठ दिवसांत क्रेन घेऊन ये आणि तुझी गाडी उचल. आधी दाजींसमोर उभा राहा, मग पोरीसमोर, मग माझ्यासमोर. दाजी माफ करतील. मी नाही.

तुझी (जन्मच तसा झाला म्हणून) अक्का,
नीलम्मा

ता. क. दाजींनी पत्र वाचलं आणि "जरा कडक झालंय" म्हणून पेन काढून घेतायत.

ता. क. पेन परत मिळालं. एक लिहायचं राहिलं. त्या दिवशी गाडी मी चालवत होते. संक्रांतीपासून शिकतेय. कच्चं लायसन आहे, दाजी शेजारी बसतात आणि डोळे मिटून घेतात. बेंबळीच्या वेशीतला गतिरोधक मला दिसला, पण जरा उशिरा. गाडी चांगलीच उडाली. शंभुलिंग म्हणतो, गंजानं आधीच खाल्लं होतं, वैनींनी फक्त दाखवून दिलं. तरी कुणाला सांगू नको.

तेव्हा क्रेन राहू दे. ओळखीत कुठं धड चेसीस मिळते का बघ, पाट्यांसकट, समुद्रापासून लांबची. आरटीओचं काय ते रीतसर करू. पुढच्या महिन्यात माझी परीक्षा आहे आणि माझा हात त्याच गाडीवर बसलाय.

ता. क. लग्नाला ड्यूटी चालणार नाही. वरातीला गाडी मी चालवणार. पुढची सीट सिद्धम्मा आजीनं आतापासूनच सांगून ठेवलीय. तू मागं बस, आणि पट्टा लाव.