धुराड्याभोवती दोन फेऱ्या

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीने विणलेला स्वेटर मिळाला. बाह्या गुडघ्यापर्यंत येतात, पण तिला सांगू नकोस.

आता कामाचं. बंद गिरणीच्या उंच धुराड्याला कुठे तडे गेलेत, ते माझ्या ड्रोनच्या कॅमेऱ्याने टिपायचं आहे. दुरुस्तीच्या इंजिनिअर बाईंनी पहिल्यांदाच मला विचारलंय. पण त्यांना अख्खं धुराडं एकाच उड्डाणात हवंय, आणि माझी बॅटरी निम्म्यातच मान टाकते. दुसरी एक जोडगोळी एका दमात करून देतो म्हणत टपूनच बसली आहे. दुकानदार दुप्पट क्षमतेची लिथियम पॉलिमर बॅटरी दाखवतोय. घेऊ का? हे काम हातचं गेलं तर पुन्हा स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो काढत बसायचं, आणि ते आता माझ्याच्याने होणार नाही.

तुझी,
छोटी

११ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अ. आ.

विचारतेस काय, घे की! मोठीच घे. डोंगरावर लोकांना नेताना मी त्यांच्या पिशव्या हलक्या करून घेतो हे खरं, पण बहिणीला काही कमी पडलेलं मला चालत नाही. मात्र या बॅटऱ्या फुगतात, पेट घेतात असं ऐकलंय. चार्जिंगला लावून झोपून जाऊ नकोस. तुझी झोप म्हणजे कुंभकर्णाची.

बाह्यांचं माझ्या तोंडून निघून गेलं. वहिनी म्हणाली, दुमडून घाल.

काळजी करणारा,
दादा

२६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पोटात काही राहील तर शपथ!

मोठी बॅटरी दुकानदाराकडून आधी वापरून बघायला आणली. ड्रोन उठला तो पोटभर जेवून जिना चढणाऱ्या माणसासारखा. मोटारी तापल्या, चित्र थरथरलं आणि वेळ वाढला जेमतेम दोन मिनिटं. बॅटरीची निम्मी ताकद तिचंच ओझं उचलण्यात जात होती. लोकांच्या पिशव्या रिकाम्या करणारा तू, माझ्या ड्रोनवर मात्र पोतं चढवायला निघालास! मी ती परत केली आणि पहिलीसारखीच हलकी, पण वाऱ्याच्या झोतात एकदम जोर देणारी दुसरी घेतली.

मग बाईंना सरळ सांगितलं की मधे एकदा खाली उतरावं लागेल. त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, संपलं सगळं. तरी, एकदा करून बघू म्हणत त्यांनी होकार दिला.

पहिली फेरी झाली. मी बॅटरी बदलत होते तोवर बाई तिथेच पायरीवर बसून टिपलेलं बघू लागल्या. सावलीकडच्या बाजूला, माथ्याखाली, त्यांना केसाएवढी एक रेघ दिसली. दुसऱ्या फेरीत मी ड्रोन नेमका तिच्यासमोर धरला. चित्र इतकं स्थिर आलं की भेग विटांमधून खाली कुठवर गेली तेही कळलं. हे त्यांना ऑफिसात गेल्यावर दिसलं असतं तर सगळा खटाटोप पुन्हा करावा लागला असता.

दादा, मी फार खुशीत आहे. निघताना बाई म्हणाल्या की यापुढची धुराडीही मीच करायची, आणि मधे खाली उतरायचंच.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच असू दे, सल्ले थोडे कमी झाले तरी चालतील.

तुझी,
छोटी