प्लास्टर धरेपर्यंत

१२ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून छातीत धस्स झालं असेल, तर आधी घोटभर पाणी पी. सगळं ठीक आहे. माझा गुडघा होता तसाच आहे, खोलीचं छत गळायचं थांबलंय, आणि जिन्यातल्या शेजारणीची जीभ अजून तशीच चालते. भावोजींचा खोकला कमी झाला का? फोनवर तू बोलतेस आणि मी 'हं, हं' करते, म्हणून या वेळी कागद घेतला. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

बातमी अशी आहे की मी ख्रिस्ती मंडळीत जायला लागलेय. नुसती जायला नाही, विश्वास ठेवायला लागलेय. आता डोक्याला हात लावून झाला असेल, तर पुढं वाच.

झालं असं. आमच्या दातांच्या डॉक्टरांकडे चर्चचे एक म्हातारे पाळक आले. कवळी हातात, दोन तुकडे झालेली. शुक्रवार होता आणि रविवारी त्यांना प्रवचन द्यायचं होतं. माझं काम तुला माहीतच आहे. डॉक्टर पुढच्या खोलीत माप घेतात, मी मागच्या खोलीत कवळी करते, पेशंटचं तोंड मला क्वचितच दिसतं. पण या गृहस्थांनी दाताच्या कण्या केल्या, आणि त्याही दात नसताना, त्यामुळे डॉक्टरांनी त्यांना थेट माझ्याकडेच आणून बसवलं. दोन दिवस खपून मी नवी कवळी केली. बसली छान, पण 'स' म्हटला की शिटी वाजायची. खुर्चीत बसून चार शब्द बोलून ते कळत नाही, माणूस मोठ्यानं अर्धा तास बोलायला हवा. ते म्हणाले, "मग रविवारी या की. आम्ही अर्धा तास तेच करतो."

गेले. शेवटच्या बाकावर बसून त्यांचा फक्त 'स' ऐकला. सोमवारी पुढच्या दातांच्या मागून केसभर घासलं, पुढच्या रविवारी पुन्हा ऐकलं. असे तीन रविवार. तोवर ते कशाबद्दल बोलत होते, विचारशील तर देवाशपथ सांगता यायचं नाही. चौथ्या रविवारी 'स' स्वच्छ आला. माझं काम संपलं होतं. पण कान रिकामे झाले ना, मग त्यांत बाकीचे शब्द शिरले. पाचव्या रविवारी मला तिथं जायचं काही कारण नव्हतं, आणि मी गेले.

आता रोजचं मनन म्हणून एक गोष्ट असते. एक छोटा उतारा वाचायचा, थोडं गप्प बसायचं, मग प्रार्थना. मी उतावीळ, पहिल्याच आठवड्यात पहाटे चारचा गजर लावला, आणि पुस्तकावर डोकं ठेवून सातपर्यंत घोरले. पाळकांना सांगितलं तर हसले. म्हणाले, "दहा मिनिटं पुरेत. वेळ ठरव, जागा ठरव. एखादा दिवस चुकला तर रडत बसू नकोस, दुसऱ्या दिवशी बस."

जागा मला आयती मिळाली. सकाळी साडेसातला मी पहिलं काम करते ते मापात प्लास्टर ओतण्याचं. ओतलं की पहिली दहा-बारा मिनिटं कामाच्या टेबलाला धक्कासुद्धा चालत नाही, नाहीतर साचा बिघडतो. इतकी वर्षं ती मिनिटं मी भिंतीकडे बघत काढली. आता पुस्तक उघडते. उठावंसं वाटलं तरी उठता येत नाही, माझ्यासारखीला हेच बरं.

एक वहीही केलीय. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं. डॉक्टर आहेत, शेजारीण आहे (जिभेसह), पाळकांची आजारी बहीण आहे. तुझंही आहे.

उत्तर लिही. रागावलीस तरी लिही.

तुझी,
धाकटी


२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं. चार ओळी येतील असं धरून बसले होते, चार पानं आली. भावोजींचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. 'कवळी करता करता देव सापडला, आता चष्मेवाल्याला काय सापडतं बघू,' हे त्यांचं वाक्य पाळकांना वाचून दाखवलं. इतके हसले की कवळी जागेवर राहते याची मला आपोआप खात्री पटली.

'नव्याचे नऊ दिवस' म्हणतेस. अगदी बरोबर, दहावा चुकला. अकरावाही. मग वाटलं, आता कुठल्या तोंडानं बसायचं? आणि गंमत बघ, बाराव्या दिवशी प्लास्टर ओतलं, टेबलाला हात लावायची सोय नव्हती, म्हणून बसावंच लागलं. तेव्हापासून सलग चाललंय. काही सकाळी काहीच होत नाही. मनात भाजीची यादी येते, मंडळीत तार स्वरात गाणाऱ्या बाईचा राग येतो. तेही सांगून टाकते. कुणाला तरी रोज खरं सांगायची सवय मला नव्हती, ती लावून घेतेय.

सध्या दोन मुलांच्या बापाची गोष्ट वाचतेय. धाकटा घर सोडून लांब जातो, थोरला घरी राहून राबतो. धाकटा परत येतो तर बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, आणि थोरला रुसून घराबाहेर उभा राहतो. पाळक म्हणाले, आठवडाभर हीच वाच. वाचतेय. फार काही सुचत नाही त्यावर.

तू शेवटी जे लिहिलंस ते वहीत लिहून घेतलंय. आईनं जाताना तुझं नाव का काढलं नाही, हा सल मनातून जावा म्हणून तुझ्या देवाला सांग, असं लिहिलंयस. सांगीन.

बरं, आईच्या कवळीची गोष्ट तुला कधी सांगितलीच नाही का गं? तिच्यासाठी मी जीव ओतून दात लावले. मोत्यांसारखे, एका रेषेत. मेणावर लावलेले दात तिच्या तोंडात घालून बघितले, आरसा दिला. आरशात बघून म्हणते, "हे कुणा नटीचे आहेत, माझे नव्हेत. माझा पुढचा डावा दात शेजारच्यावर चढलेला होता. थोरलीचा आहे, तसा." मी म्हटलं, अगं, लोक तो सरळ करायला येतात! ऐकेल तर ती आई कसली. शेवटी चांगला लावलेला दात मी मुद्दाम वाकडा केला. डॉक्टरांना वाटलं माझीच चूक झाली.

बाकी सगळं नेहमीचं. १ मार्चला माझा बाप्तिस्मा ठरलाय. तू यावंस असं म्हणणार होते, पण प्रवास लांबचा आहे, बघ कसं जमतंय.

घाईत आहे, प्लास्टर धरलं.

धाकटी


१६ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. भावोजी घरी असतील तेव्हा वाच.

गेले चौदा दिवस माझं मनन झालेलं नाही. पुस्तक उघडते, वही उघडते, आणि तू सांगितलेल्या ओळीवर येऊन अडते. पहिल्या पत्रात मी लिहिलं की वहीत तुझं नाव आहे. नव्हतं. सगळ्या जिन्यातली माणसं होती, तू नव्हतीस. पत्र टाकून आल्यावर लिहायला बसले, तेही जमलं नाही. शेवटी तुझं पत्र आलं तेव्हा लिहिलं, आणि त्याच्यापुढे तुझा तो सल. आता रोज सकाळी देवाला सांगायचं, की बाबा, माझ्या बहिणीच्या मनातला काटा काढ. आणि काटा तर मीच टोचलेला.

आईनं तुझं नाव काढलं होतं, ताई.

एकदा नाही. शेवटचे नऊ दिवस, रोज. सकाळी डोळे उघडले की म्हणायची, "दात दे गं. थोरली यायची आहे." मी कवळी धुऊन तिला द्यायचे. ती घालायची, माझ्याकडून केस विंचरून घ्यायची, आणि दाराकडे तोंड करून बसायची. दुपारी विचारायची, "निघाली का?" मी म्हणायचे, "निघालीय. गाडी उशिरा आहे." संध्याकाळी कवळी काढून पाण्यात ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि मी तुला एक फोनसुद्धा केला नव्हता. आईला तपासायला येणाऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, जवळच्यांना कळवा. तू दीड दिवसात पोचली असतीस.

नवव्या दिवशी मी कवळी पुढं केली तर म्हणाली, "राहू दे आता. ती आल्यावर घालू." दुपारी गेली. तिला माझं खोटं कळलं होतं का, मला माहीत नाही. तोंड मिटलेलं होतं. मी कवळी घालायला गेले, पण जमलं नाही. इतकी वर्षं लोकांच्या कवळ्या करणारी मी.

मग तुला फोन केला. 'झोपेतच गेली, अचानक, कुणाचं नाव घेतलं नाही.' तू तिकडे रडत होतीस, आणि मी इथे उभी राहून मनात म्हटलं, बरं झालं. हेही लिहायलाच हवं, नाहीतर बाकीचं लिहून उपयोग नाही.

का केलं, विचारशील. आईचं हाड मोडलं तेव्हा तू चार दिवस आली होतीस. चार दिवसांत डबे लावलेस, पडदे धुतलेस, आईला हसवलंस. जाताना जिन्यात शेजारणीला म्हणालीस, "धाकटी करते सगळं, पण नर्ससारखं. आईशी प्रेमानं दोन शब्द बोलत नाही." दार उघडं होतं. तुला ते आठवतही नसेल. मी मात्र ते दाताखाली धरून ठेवलं. त्यानंतर अडीच वर्षं आईला उचललं, पुसलं, भरवलं, आणि शेवटी तिनं हाक मारली ती तुला. मला वाटलं, मग घे म्हणावं, बस वाट बघत. आईवर राग नव्हता, तुझ्यावर होता, पण वाट तिला बघायला लावली.

त्या दोन मुलांच्या गोष्टीवर मला काही का सुचत नव्हतं, आता कळलं असेल. मंडळीतले सगळे लांब गेलेल्या मुलाबद्दल बोलतात. मी मात्र दाराबाहेर रुसून उभ्या राहिलेल्याकडेच बघत होते. तो निदान स्वतः बाहेर राहिला. मी तुझ्यासाठी दारच लावून घेतलं. एका सकाळी हे असं स्पष्ट दिसलं, आणि मी रडायला लागले ती थांबेचना, टेबल हललं, ओतलेला साचा फुकट गेला. एका आजोबांना पुन्हा माप द्यायला यावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं काय झालं, म्हटलं, धक्का लागला.

पाळकांकडे गेले. काय ते सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की एक पत्र टाकायचं राहिलंय आणि बाप्तिस्मा जवळ आलाय. त्यांनी खोदून विचारलं नाही. म्हणाले, "आधी टाक. उत्तर येईपर्यंत थांबायला हवं असं नाही, पण न टाकता बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरू नकोस." मी तारीख पुढं ढकललेली नाही. तू क्षमा केलीस तरच उतरीन असंही म्हणणार नाही, ते पुन्हा तुझ्यावरच भार टाकल्यासारखं होईल. तुला कधीच जमलं नाही तर ते मला समजेल. फोन उचलणार नसशील तर तेही समजेल. आई गेल्यावर माझं म्हणायला तूच एक उरलीस, आणि हे पत्र टाकलं की तूही राहशील का, ठाऊक नाही. तरी टाकतेय. चौदा महिने तू समजत होतीस की आईला तू नको होतीस. आणखी एक दिवसही तू तसं समजू नयेस.

देवाला मी आता एवढंच म्हणते की ताईला जे हवंय ते माझ्याकडे आहे, मला द्यायचं बळ दे. आज दिलं.

आईची कवळी माझ्या टेबलाच्या खणात आहे, डबीत. वाकड्या दातासकट. मला कितीतरी वेळा वाटलं होतं की ती तुझी आहे, आणि तितक्याच वेळा खण बंद केला. ती टपालानं पाठवणार नाही. ये, असं म्हणायचा हक्क मला नाही. पण तू कधीही आलीस, न कळवता आलीस, माझ्याशी एक शब्द न बोलता नुसती डबी उचलून गेलीस, तरी दार उघडं असेल.

उद्या साडेसातला प्लास्टर ओतीन. पहिलं नाव तुझं घेईन.

आईनं तुला रोज बोलावलं होतं, ताई. तिचा निरोप चौदा महिने दाबून ठेवून आज पोचवणारी,

तुझी धाकटी