इस्त्रीवाल्या बाईंची साक्ष

मी, खाली सही करणारा निवृत्त वकील, वय एक्क्याऐंशी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. बायको हयात असती तर तिने तो दिला नसता.

१. राहते घर मुलीला. जिन्याची तिसरी पायरी करकरते, ती दुरुस्त करू नये. मी कोर्टातून आलो की त्या आवाजावर तिची आई चहाचे आधण ठेवायची. अजूनही त्या पायरीवर माझा पाय रेंगाळतो.

२. बँकेतली शिल्लक मुलाला. लहानपणी एका फुटलेल्या काचेवरून मी त्याची तासभर उलटतपासणी घेतली, तेव्हा त्याने न फोडलेल्या दोन काचाही कबूल केल्या. आजही मला फोन करण्याआधी तो उत्तरे तयार ठेवतो. पोरा, चुकलो.

३. काळा कोट तीस वर्षे माझ्या विरुद्ध बाजूने उभ्या राहिलेल्या वकील मित्राला. माझ्या साक्षीदाराला त्याने भर कोर्टात पढवलेला पोपट म्हटले होते, ते मी विसरलेलो नाही. कोट त्याला घट्ट होईल; होऊ दे. सकाळी एकमेकांचे वाभाडे काढून दुपारी व्हरांड्यातल्या एकाच बाकावर आम्ही एकमेकांचा डबा संपवायचो. ते दिवस फार आठवतात.

४. गल्लीच्या तोंडाशी कपड्यांना इस्त्री करणाऱ्या बाईंविषयी. सव्वीस वर्षांपूर्वी मारहाणीच्या एका खटल्यात मी आरोपीचा वकील होतो. त्याला काठी उगारताना या बाईंनी रस्त्यापलीकडून पाहिले होते. मी कोर्टाच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून विचारले, "किती वाजलेत, सांगा." त्या गप्प. "एवढंही दिसत नाही?" तरी गप्प. कोर्ट हसले, अशील सुटला, लोकांनी माझी पाठ थोपटली. गल्लीने मात्र बाईंचे नाव 'आंधळी' ठेवले, ते आजतागायत.

त्यांची नजर घारीसारखी होती. त्यांना घड्याळ वाचता येत नव्हते आणि चारचौघांत ते सांगायची लाज वाटत होती. मला हे आधीपासून ठाऊक होते. कपडे न्यायला आल्या की आमच्या घड्याळासमोर उभ्या राहून त्या माझ्या बायकोला वेळ विचारत. बाई खरे बोलल्या होत्या. हे कलम माझ्यामागे वकिलांच्या खोलीत आणि गल्लीत मोठ्याने वाचावे.

५. घराची मागची खोली बाईंच्या नावे करायचे ठरवले होते. काल त्यांना बोलावून सगळे कबूल केले.

"सव्वीस वर्षं लागली होय तुम्हाला?" त्यांनी विचारले. मग म्हणाल्या, "या कागदाला साक्षीदार लागतात ना?"

"लागतात. पण जो साक्षीदार होतो, त्याला कागदातलं काही मिळत नाही. कायदाच तसा आहे. खोली जाईल तुमची."

"जाऊ दे. साक्षीला मला घ्या."

सबब मागची खोलीही मुलीलाच.

स्थळ: माझी लिहायची खोली
दिनांक: ११ फेब्रुवारी, बुधवार

सही: निवृत्त वकील

साक्षीदार पहिले: डॉक्टर, सही.

साक्षीदार दुसऱ्या: इस्त्रीवाल्या बाई, डाव्या हाताचा अंगठा. ठसा उमटवण्याआधी त्यांनी डॉक्टरांकडून सगळा कागद दोनदा मोठ्याने वाचून घेतला आणि मला विचारले, "यातलं सगळं खरं?" मी खुर्चीतून उठून, उभा राहून उत्तर दिले, "हो, बाई."