संथ पाण्याच्या चक्राचा अर्ज

मी, जिला सगळा बाजार मोटारवाली म्हणतो, वय बाहत्तर, धंदा जळालेल्या विजेच्या मोटारींना नवी तार गुंडाळून, म्हणजे वाइंडिंग करून देणे, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दीर चौदा वर्षे उलट सांगत आलेत, म्हणून मुद्दाम घेतला.

१. दुकान, वरच्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीला. हत्यारेही तिलाच. विकली तरी चालतील, गंजू देऊ नयेत.

२. दिरांना माझी लोखंडी खुर्ची. बसून सल्ले द्यायला बरी आहे.

३. आता चक्राविषयी. मी आणि माझे पती सहा हिवाळे कालव्यात कमरेइतक्या पाण्यात उभे राहिलो, तेव्हा ते फिरले. धबधब्यावर वीज कोणीही काढील; आमचे चक्र रेंगाळत्या पाण्यावर एका घराचे दिवे लावते, धूर न करता. पेटंटचा अर्ज केला त्याला चौदा वर्षे झाली. पहिली हरकत सात वर्षांनी आली: आकृतीच्या कागदाला सोडलेला समास अपुरा. समास वाढवून दिला, तोवर पती अंथरुणाला खिळले होते. रोज विचारायचे, "आलं का काही?" मी म्हणायचे, "येईल." ते गेले, उत्तर आले नाही.

मग एका कंपनीने तसेच चक्र बाजारात आणले. दीर म्हणाले, "वहिनी, नाद सोडा. कंपनी देईल ते घ्या." मी त्यांना जिना दाखवला.

गेल्या वर्षी स्वच्छ ऊर्जेच्या अर्जांसाठी जलद रांग सुरू झाली. पेटंट कचेरीच्या खिडकीवरचे साहेब म्हणाले, "आजी, ही सोय नव्या अर्जांना आहे. जुना मागे घ्या, नवा भरा."

"मग आमची जुनी तारीख?"

"ती जाईल."

"म्हणजे कंपनी आमच्या आधीची ठरेल."

साहेब कागद चाळू लागले. मी समोरच्या बाकावर बसले. रोज डबा घेऊन जायचे, कचेरी बंद होईतो बसायचे. मुलगी म्हणाली, "आई, हसं होतंय आपलं." मी म्हटले, "होऊ दे." हळूहळू बाकावर आणखी आठ जण आले, सगळे माझ्यासारखेच ताटकळलेले. एकोणिसाव्या दिवशी जुन्या अर्जांनाही त्यांच्या जुन्या तारखेसह जलद रांगेत घेण्याचा हुकूम निघाला.

४. माझी सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. डॉक्टर तितकी मुदत देत नाहीत. माझ्या जागी मुलीने जावे. रडू नये, आकृती उघडावी. मंजूर झाल्यास पतींचे नाव आधी, माझे नंतर. नामंजूर झाल्यास अपील करावे. मसुदा तयार आहे, सही तेवढी तिने करायची. कंपनीशी तडजोड केल्यास कलम १ रद्द समजावे.

अर्जदार मेली म्हणून अर्ज निकाली निघाला, असे कोणी धरून चालू नये.

(सही) मोटारवाली

आम्हा दोघांदेखत सही केली. पहिली वाकडी आली, म्हणून तिने ती खोडून पुन्हा नीट केली.
साक्षीदार: समोरचा शिंपी, छापखानेवाली बाई

ठिकाण: दुकान, वाइंडिंगचे टेबल
दिनांक: सुनावणीआधी सत्तावीस दिवस