आंदणाचा गोऱ्हा

मु. कवठाळवाडी, ता. देवणी
१० डिसेंबर २०२४

चि. पुनम हिला शेषेराव बिरादार याचा आशीर्वाद.

ही एवढी ओळ लिहायला लई वेळ लागला. सुनेला लिहायचं म्हणून हाताच्या सवयीनं आधी 'चि. सौ.' लिहिलं अन् कागद फाडला. दुसऱ्या कागदावर 'गं. भा.' लिहायला गेलो तर हात वळला न्हाई. तुझं वय ते काय. म्हणून नुसतं चि. लिहिलंय, राग मानू नको.

आम्ही इकडं बरे हाव. तुझ्या आत्याबाईचे गुडघे थंडीनं धरलेत, तरी बसून खाणारी बाई न्हाई ती, तुला ठाऊकच हाय. तूर यंदा बरी हाय. हरभऱ्याला पाणी चालू हाय. मोटारीचा स्टार्टर नवा हाय, बटणाला हात लावायला आता काही भ्या न्हाई. असो.

तुला फोन दोनदा लावला. दोन्ही बारीला तुझ्या वहिनीनं उचलला अन् तू रानात गेलीस म्हणून सांगितलं. एवढं रान तर तुझ्या बापाला हाय तरी का? तुला माझ्याशी बोलायचं न्हाई, हे मला कळतंय. पण सातवी शिकलेला माणूस हाय मी, एकेकाळी अख्ख्या गावाची पत्रं लिहीत होतो, म्हणून आता लिहून राहिलो. वाचायचं का न्हाई ते तू बघ.

कारण असं की, आपला तांबडा गोऱ्हा माळेगावच्या जत्रेत प्रदर्शनाला उभा करतोय. हसू आलं तर हसून घे. तुझ्या बापानं लग्नात आंदण म्हणून लाल कंधारी गाय दिली, नायगावहून टेम्पोत घालून आणली, तेव्हा मीच वेशीत उभा राहून म्हणालो होतो की देवणीच्या दावणीला हे तांबडं कुठून आणलं, आता गावात तोंड कसं दाखवू. आमच्याकडं पांढरं-काळं देवणी जनावर सोडलं तर बाकीच्याला कुणी जनावर म्हणतच न्हाई. बजरंग मात्र त्या गाईच्या नादीच लागला. ती व्याली अन् गोऱ्हा झाला, त्या दिवशीच लेकानं ठरवलं की दुधाचे दात पडून हा दोन दाती झाला की माळेगावला न्यायचा. मी म्हणालो, बैल औताला असतो, मिरवायला नवरदेव असतो. तो नुसता हसला.

तर तो आता दोन दाती झालाय. मी आयुष्यात कधी जनावर मिरवलं न्हाई, म्हणून सगळं पहिल्यापासून शिकून राहिलो. रोज सकाळी खरारा करतो. सरकी पेंड अन् भिजवलेला हरभरा देतो. शिंगं काचेच्या तुकड्यानं साळून तेल लावलं, आता तोंड दिसंल अशी झालीत. उदगीरचा जलीलभाई नालबंद येऊन खुरं काढून गेला. तो म्हणाला, शेषेराव, तुम्ही स्वतःच्या लग्नात एवढे नटला नसाल. खरंच हाय ते.

गोऱ्हा लोकांत बुजतो, हलगी ऐकली की दाव्याला हिसके मारतो. म्हणून बजरंगच्या फोनवर हलगी लावून फोन गव्हाणीत ठेवतो. त्याच फोनमध्ये एका प्रदर्शनाचा व्हिडिओ हाय, बजरंगनंच ठेवलेला. जनावराचे चारी पाय कसे ठेवायचे, मान किती वर धरायची, ते त्यात बघतो. अडुसष्टाव्या वर्षी बैलाला उभं राहायला शिकवतोय अन् पोरंसोरं पारावर बसून माझी मजा बघून राहिलीत.

एक अडचण हाय. लाल कंधारीला अंगभर एकच रंग लागतो, पांढरा केस चालत न्हाई. अन् खांद्याच्या मागं, जिथं मी डाग दिला, तिथं रुपयाएवढ्या जागेत केस पांढरे फुटलेत. तिथं गोम होती, तुला ठाऊक हाय. केसांची ती उलटी वळलेली रेघ धन्याच्या मुळावर येते असं आमच्यात मानतात, अन् डागून ती मोडतात. बजरंगच्या तेराव्याला मी सळई तापवून ती मोडली. जनावर ओरडलं तेव्हा तू चुलीपाशी होतीस. दुसऱ्या दिवशी तुझा बाप आला अन् तू गेलीस. जलीलभाई म्हणतो, मेंदी लावू, कुणाच्या बापाला कळणार न्हाई. लावावी म्हणतोय.

तुझं एक स्थळ आलं होतं अन् मोडलं, असं कानावर आलं. पायगुणाचं काहीतरी निघालं म्हणे. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार. विहिरीवर जे झालं ते देवाच्या मर्जीनं झालं, त्याच्यावर बोलून काही होत न्हाई.

आता मुद्द्याचं. बजरंगनं या गोऱ्ह्याच्या तोंडावर घालायला म्होरकी विणली होती. लाल-पिवळ्या सुताची, कवड्या लावलेली. वासरू गुडघ्याएवढं अन् म्होरकी थोरल्या बैलाची, म्हणून तूच त्याला चिडवायचीस. घर सगळं धुंडाळलं, सापडली न्हाई. तुझ्या पेटीत गेली असंल तर पाठवून दे. न्हाई पाठवलीस तरी चालंल, बाजारात दुसरी मिळते. पण ती असती तर बरं झालं असतं.

तुझ्या वडलांना नमस्कार सांग. घेतला तर घेतील.

तुझा मामा,
शेषेराव


मु. कवठाळवाडी
३ जानेवारी २०२५

चि. पुनम,

म्होरकी पोचली. पुडकं दोनदा उलटं करून पाहिलं, चिठ्ठी न्हवती. दोन कवड्या निघाल्या होत्या त्या तू दुसऱ्या दोऱ्यानं शिवल्यास, ते दिसलं. तुझ्या आत्याबाईनं ती म्होरकी दिवसभर मांडीवर घेऊन ठेवली, गोऱ्ह्याला घालायला देईना.

जत्रा झाली. पहाटे टेम्पोत गोऱ्हा, मी अन् जलीलभाई असे निघालो. अहमदपूर येईपर्यंत जनावर थरथरून राहिलं होतं. मग मी मागं त्याच्यापाशी जाऊन उभा राहिलो, तेव्हा गप झालं. माळेगावात उतरलो तर जिकडं बघावं तिकडं जनावर अन् माणूस. आपल्या गावात तांबडं म्हणून ज्याला हसत होतो, तसली तांबडी जनावरं तिथं रांगेनं उभी होती अन् लोक हात फिरवून बघून राहिले होते. मला माझीच लाज वाटली.

नाव लिहून घेणाऱ्यानं मालकाचं नाव विचारलं. मी तुझं सांगितलं. आंदणाची गाय लेकीची असते अन् तिचं वासरूही तिचंच, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तुझ्या बापानं तुला नेताना गाय मागितली, तर मी दावं सोडू दिलं न्हाई. अपशकुनी म्हणायचं अन् सोडायचंही न्हाई, असला माझा स्वभाव.

भोंग्यावर पुकारलं, लाल कंधारी, दोन दाती गोऱ्हा, मालक पुनम बजरंग बिरादार. तुझं अन् त्याचं नाव एका दमात ऐकलं अन् माझे पाय जागच्या जागी अडले. गोऱ्हाच पुढं निघाला, त्यानं मला ओढत नेलं. हलगी वाजत होती, तो बुजला न्हाई. चारी पाय असे ठेवून उभा राहिला की शेजारचा म्हातारा म्हणाला, कुणी शिकवलं हो. मी म्हणालो, माझ्या लेकानं.

अठरा जनावरांतनं चार बाजूला काढली. आपला त्यात होता. मेंदी अशी बसली होती की मलाही डाग सापडला नसता. मग तपासणारा डॉक्टर आला, बजरंगच्याच वयाचा असंल. दात बघितले, पाठीवरनं हात फिरवला अन् सगळ्यांना विचारत होता तेच मला विचारलं, की कुठला आजार, डाग, काही हाय का. न्हाई म्हणायचं, एवढंच काम होतं. जलीलभाई मागनं डोळ्यानं खुणावत होता. पण डॉक्टरच्या हातातल्या कागदावर तुझं नाव होतं, अन् तुझ्या नावावर आणखी एक खोटं बोलायला जीभ उचलंना.

"डाग हाय साहेब," मी म्हणालो. "मेंदीखाली हाय. मीच दिला."

"कशासाठी दिला, बाबा?"

"गोम होती. लेक गेला म्हणून दिला."

त्यानं बोटानं ती जागा चाचपली. लोक ऐकून राहिले होते. मग हळूच म्हणाला, "गोमीनं माणूस मरत नसतो, बाबा." कागदावर काहीतरी लिहिलं अन् पुढं गेला.

आपला नंबर आला न्हाई. जलीलभाई लई तडकला, एक घडी गप बसला असता तर काय बिघडलं असतं म्हणाला. मग त्यानंच चहा आणून दिला अन् माझ्याजवळ बसला.

पुनम, त्या डॉक्टरला मी अर्धंच सांगितलं. बाकीचं तुझं हाय, म्हणून तुला लिहून राहिलो.

गोमीनं माणूस मरत नसतो, हे मला त्याच्याआधी ठाऊक होतं. बजरंग गेला त्याच्या आधी आठ दिवस स्टार्टरच्या पेटीला करंट येत होता. मला दोन झटके बसले होते. तेव्हापासून मी बटण काठीनं दाबायचो. वायरमनला आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. बजरंग त्या आठवड्यात सोयाबीनच्या राशीवर होता, मोटारीकडं गेलाच न्हवता, त्याला काही ठाऊक न्हवतं. त्याला सांगायचं राहून गेलं, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगतोय. तेही खरं न्हाई.

त्या सकाळी तो दारात वासरू धूत बसला होता. तू बादली देऊन आत गेलीस. मला राग आला, की तिकडं हरभरा वाळून राहिलाय अन् हा जनावराला न्हाऊ घालत बसलाय, तेही त्या तांबड्याला. मी ओरडलो, आधी मोटार चालू करून ये. तो तसाच ओल्या हातानं उठला. मी त्याच्या मागंच विहिरीकडं निघालो होतो अन् काठी माझ्या हातात होती. ही घेऊन जा, एवढंच म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. रागात होतो, म्हणालो न्हाई.

चौथ्या दिवशी मी तो स्टार्टर काढून विहिरीत टाकला अन् नवा बसवला. कुणी काही विचारलं न्हाई. दहाव्याला सगळी भावकी बसली, कुणीतरी म्हणालं की विजेचा काही दोष होता का, अन् मी तुझ्याकडं बोट केलं. "हिच्या आंदणाच्या जनावरानं माझा लेक खाल्ला," म्हणालो. तू खाली मान घालून ऐकलंस. विहिरीकडं कुणी बघू नये म्हणून मी तुला पुढं केलं, माय. तेराव्याला डाग दिला तोही तेवढ्यासाठीच. मुकं जनावर अन् तू, दोघं बोलणार न्हाई हे मला ठाऊक होतं.

तुझं स्थळ माझ्या त्या शब्दानं मोडलं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार, असं मी मागं लिहिलं, पण ते तोंड माझंच होतं. पुन्हा कुणी बघायला आलं तर ठरू दे. आमचा विचार करू नको. पायगुणाचं विचारलं तर हे पत्र काढ अन् भर बैठकीत वाचून दाखव. खाली माझी सही हाय.

काल तुझ्या आत्याबाईला सगळं सांगितलं. आज तिनं माझ्यापुरती भाकरी करून ठेवली अन् जाऊन गोठ्यात बसली. अजून तिथंच हाय.

येत्या सोमवारी गाय अन् गोऱ्हा घेऊन नायगावला येतो. तुमच्या दारात बांधीन अन् परत फिरीन, पाणीसुद्धा विचारू नको. म्होरकी त्याच्या तोंडावरच असंल. मेंदी आता उतरत चाललीय, पांढरं दिसायला लागलंय, ते तसंच राहू दे. त्याला धुताना कानात पाणी जाऊ देऊ नको. बजरंग कानावर हात धरायचा, तू पाहिलंयस.

पत्राच्या शेवटी वडीलधाऱ्यानं आशीर्वाद लिहायचा असतो. मागच्या पत्रात वरतीच लिहिला होता, हे सगळं पोटात ठेवून. तो धरू नको. आज लिहीत न्हाई.

ज्याच्या हातात काठी होती तो,
शेषेराव