फाडलेला कोपरा

८ नोव्हेंबर १९४३

आज डोकंच फिरलं! दुपारच्या बायकांच्या साक्षरता वर्गात बनुबाईनं नवऱ्याला लिहिलेलं पहिलं कार्ड तपासायला आणलं. नवरा नाथाजी बेळगावच्या छावणीत शिपाई. पाच ओळींत अकरा चुका! तीन महिने घसा कोरडा केला तो कशासाठी? तांबड्या शाईनं कार्ड रंगवलं आणि कोपरा टर्रकन फाडला. मुलांच्या वह्यांचंही मी असंच करतो — तपासलेलं पान पुन्हा पुढं यायला नको.

"कार्ड एकच हुतं, गुरुजी," ती म्हणाली. मी मान वर केली नाही.

१० नोव्हेंबर

बनुबाई आली नाही. रुसली असेल. रुसू दे!

१२ नोव्हेंबर

घात झाला. बनुबाईनं घरी कोनाड्यात ठेवलेलं ते कार्ड तिच्या सासूनं, धोंडुबाईनं, टपालपेटीत टाकलं! म्हातारीला धड दिसत नाही, सुनेनं पत्र लिहिलं याचंच कौतुक. कोपरा फाडलेलं कार्ड! मर्तिकाचं कार्डच तेवढं तसं जातं. शेंबड्या पोराला कळतं, मला कळलं नाही. कुंडलच्या पोस्टात धावत गेलो. टपाल कालच निघून गेलं होतं. 'सर्व खुशाल' असं दुसरं टाकलं, पण ते मागून पोचणार.

१५ नोव्हेंबर

वह्या तशाच पडल्यात.

१७ नोव्हेंबर

नाथाजी आला. मुंडण करून, मिशा उतरवून! दारात आई जोंधळे निवडत बसलेली — बघून त्यानं तिच्या पायांवर डोकं टेकलं. तो छावणीत गेला तेव्हा ती तापानं पडली होती, म्हणून तीच गेली असं धरून बसला. कोपरा दिसला, पुढं वाचायचा धीर झाला नाही म्हणतो. रजा मिळेना म्हणून पळून आलाय. ऐन लढाईत! उद्या आपणहून परत जाणार, पण कोर्टमार्शल चुकत नाही. त्याच्या सुभेदारसाहेबांना मी कार्डाचा खुलासा करणारं पत्र देतो, असं बोलून बसलो. शाळाखात्याला कळलं तर माझी नोकरी?

१८ नोव्हेंबर

'तपासताना चुकून कोपरा फाटला' असं लिहून नेलं. बनुबाईनं अक्षर अक्षर लावत वाचलं, एका जागी बोट ठेवलं.

"चुकून न्हाई, गुरुजी. रागानं फाडलासा तुमी."

आणि दौत पुढं सरकवली. मी खोडलं, तिनं सांगितलं तसं लिहिलं. खाली सही केली, हुद्द्यासकट.